पेन्सिलीचे नंबर

रविवारी हायस्कूलची किल्ली माझ्याकडेच असते.
प्रयोगशाळेचा शिपाई मी, आजऱ्याच्या पल्याड,
नोकरी एकोणीस वर्षं, पगार विचारू नका.
पिशवीत नऊ काड्यापेट्या,
प्रत्येकीत एकेका कोंबडीची सकाळची शीट,
वर हिच्या अक्षरात नंबर.

मिठाचं पाणी इतकं दाट करायचं
की पुढचं मीठ तळाशी बसून राहतं.
त्यात शीट ढवळायची, गाळायची,
नळी काठोकाठ भरून वर काच टेकवायची.
वीस मिनिटं.
तोवर मी सांगाड्याच्या बरगड्या पुसतो.
जंतांची अंडी हलकी, वर येतात,
खोटं वर येतं तशी, असं म्हणणार होतो,
पण खोट्याला इतकं नीट कवच नसतं.

एक नंबर, चाळीस. तीन नंबर, एकशे बारा.
सात नंबर, ती बोडक्या मानेची,
चार.
परत मोजलं. चारच.
एकाच उकिरड्यावर उकरतात सगळ्या,
तेच किडे, तीच ओली माती.

ही त्या दिवसापासून सातची अंडी वेगळी ठेवते.
प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा घालते
बाळाला तीट लावावी तशी, हलकं,
आणि खुडूक बसलेल्या पाचच्या पोटाखाली सरकवते.

मेडिकलवाला कुंभार म्हणतो, बाटली न्या की वैनी,
तीन महिन्याला एकदा पाण्यातनं, विषय संपला.
ही म्हणते, औषध पाजलं की सगळ्याच बऱ्या दिसतात,
मग आतनं बरी कोण, ते कळायचं कधी?

पहिली दोन वर्षं वाईट गेली.
तलंगा सुकल्या, तुरे पांढुरके पडले.
उलट्या पिसांची एक, माझी लाडकी,
रोज उचलली की आदल्या दिवसापेक्षा हलकी लागायची.
मी बाटली आणली होती. कणगीमागं ठेवली होती.
हिनं ती बघितली, बोलली नाही.
मीही पाजली नाही.
त्यात धीर कुणाचा होता आणि भ्यालं कोण होतं
ते आमच्यात अजून ठरलेलं नाही.

पाहुणे आले की दस्तगीर मुल्लाणी येतो कापायला.
त्याला सांगून ठेवलंय, आतडं टाकू नकोस.
तो परातीत पाणी घेतो, आतडं उभं चिरतो,
आणि शेवयांसारखे जंत पाण्यात सुटतात,
किंवा सुटत नाहीत.
"साफ हाय वैनी," परवा म्हणाला, "धुतल्यागत.
असला कोंबडा ठिवायला पायजे हुता."
हिच्या हातातला पळा रश्श्यात तसाच थांबला.
पण सातच्या अंड्यांतनं त्याची अकरा पिल्लं निघालीत.
नंबर कवचाबरोबर फुटून जातो,
म्हणून त्यांच्या पायात निळा दोरा.

तनुजाला शाळेत जंताची गोळी मिळाली.
चावून खाल्ली, घरी येऊन जीभ दाखवली.
जेवताना म्हणाली,
मला गोळी, मग चार नंबरला का नाही?
चार नंबर दाराशीच होती, पंख ओघळलेली.
मी ताटात बघत राहिलो.
हिनं तिच्यासाठी भाकरी मोडली.
"पोरं निवडायची नसतात," म्हणाली.
तनुजा काही वेळ चावायची थांबली.
मग अर्धी भाकरी घेऊन उठली
आणि दाराशी जाऊन बसली.
हिनं तिला हाक मारली नाही.

आज निळ्या दोऱ्याची पहिली मोजणी.
सहा. दोन. नऊ. पाच.
मग एकतीस.
काच बदलली, डोळा बदलला.
एकतीस.
सातचीच लेक, त्याच कोंबड्याची.
हिला फोन लावला.
पलीकडं खुराड्याचा कालवा, मग हिचा आवाज,
"आहे ते लिहा."

लिहिलं.
काचा धुऊन फडक्यावर पालथ्या घातल्या.
उद्या नववीची पोरं
याच भिंगाखाली कांद्याची साल बघतील.